पोर नेमकी कुठं अडली?

आज आपण परीक्षेबद्दल बोलणार आहोत. पोरांच्या परीक्षेबद्दल. पण सुरुवात करू या बचत गटाच्या बैठकीपासून.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गटाची बैठक होती. व्याजातून जमलेले ११४३ रुपये नऊ जणींत सारखे वाटायचे होते. हिशोब लिहिणारी सचिव माहेरी गेलेली. म्हणून एकीने आपल्या लेकीला वही-पेन्सिल घेऊन बसवलं. लेक सातवीची परीक्षा देऊन आठवीत गेलेली, प्रगतिपत्रकावर गणितात 'ब-२' श्रेणी. पोरीने मांडणी बरोबर केली. आत ११४३, बाहेर ९. मग पुटपुटली, "एकात नऊ जात नाहीत." आणि तिथंच पेन्सिल थांबली.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. शाळेची पायरी कधी न चढलेल्या. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "नऊ जणींना शंभर-शंभर दिले, नऊशे गेले. उरले दोनशे त्रेचाळीस. वीस-वीस दिले, एकशे ऐंशी गेले. उरले त्रेसष्ट. नऊ साते त्रेसष्ट. घ्या, एकशे सत्तावीस प्रत्येकीला."

सगळ्या हसल्या. पोरीचा चेहरा मात्र पडला. आई म्हणाली, "हिचं डोकंच नाही गणितात. कशाला पुढं शिकवायची?"

हे शेवटचं वाक्य आमच्या मनात रुतून बसलं. कारण आपल्याकडे पुष्कळ मुलींचं शिक्षण या एका वाक्यावर थांबतं. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा लांब, एसटीची वेळ अडचणीची. त्यात "डोकं नाही" असं एकदा ठरलं, की घरात दुसरं बोलणं सुरू होतं. मग स्थळं येऊ लागतात.

म्हणून आजचा प्रश्न असा: सातवी-आठवीच्या मुलीला साधा भागाकार येत नाही, तो का? ती एकटीच अशी आहे का? आणि चाचण्यांचे जे आकडे आपण ऐकतो, ते आपल्याला नेमकं काय सांगतात?

चाचण्या तीन प्रकारच्या

मुलांना वाचता येतं का, गणित येतं का, हे तपासणाऱ्या चाचण्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. त्यांची गल्लत झाली की आकड्यांचीही गल्लत होते.

पहिला प्रकार म्हणजे शाळेत सगळ्यांची होणारी चाचणी. आपल्या राज्यात २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, तेव्हापासून पायाभूत चाचणी हा शब्द गावागावांत पोचला. आता पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. मुलं त्यांना 'पॅट' म्हणतात. मराठी किंवा जी शाळेची भाषा असेल ती, गणित आणि इंग्रजी, असे तीन विषय. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग प्रत्येक सत्राच्या शेवटी संकलित चाचणी. ही आपल्या प्रत्येक मुलाची होते, म्हणून आपल्याला सगळ्यात उपयोगी हीच.

दुसरा प्रकार म्हणजे सरकारची देशभराची चाचणी. ती सगळ्या मुलांची नसते. काही शाळा आणि त्यांतली काही मुलं निवडून घेतात. भात शिजला का हे बघायला आपण चार शितं चेपतो, सगळं पातेलं उपसत नाही, तसंच. ४ डिसेंबर २०२४ ला अशी चाचणी झाली. तिचं नाव 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण'. तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांतली २१ लाखांहून जास्त मुलं तिला बसली. शाळा होत्या सुमारे ७४ हजार. त्यांत शहरातल्याही होत्या, खेड्यातल्याही. सरकारीही होत्या, खासगीही. या चाचणीतून जिल्ह्याचं चित्र कळतं. तुमच्या मुलीचं कळत नाही.

तिसरा प्रकार शाळेत होतच नाही, घरी होतो. 'प्रथम' ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. तिने २००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण चालवलं आहे. जिल्ह्यातली ३० गावं निवडायची, प्रत्येक गावात २० घरं निवडायची, आणि घरातल्या ५ ते १६ वर्षांच्या प्रत्येक मुलाजवळ बसून एकेकट्याला वाचायला द्यायचं, गणित करायला द्यायचं. मूल सरकारी शाळेत जात असो, खासगी शाळेत जात असो, की शाळा सोडलेलं असो. घरीच जायचं असल्यामुळे त्या दिवशी शाळेत कोण आलं, कोण नाही, हा प्रश्न येत नाही. २०२४ च्या फेरीत ६०५ जिल्ह्यांतली जवळजवळ १८ हजार गावं आणि साडेसहा लाखांच्या आसपास मुलं होती.

आकडे काय सांगतात

'असर'ची चाचणी अगदी साधी आहे. वाचनाच्या चार पायऱ्या: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितालाही चार: १ ते ९ अंक ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. यातला शेवटचा भागाकार साधारण तिसरी-चौथीच्या पातळीचा. सहावीचं, आठवीचं यात काहीच विचारत नाहीत.

आता निकाल ऐका. २०२४ साली देशाच्या खेड्यापाड्यांतल्या आठवीच्या दर १०० मुलांमधली ७१ मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. म्हणजे २९ जणांना ती सलग वाचता आली नाही. आणि भागाकार? १०० पैकी जेमतेम ४६ मुलांना आला. निम्म्याहून जास्त मुलं तो करू शकली नाहीत.

२०१८ साली हा भागाकाराचा आकडा ४४ होता, २०२२ साली ४५ च्या आसपास. सहा वर्षांत तो जवळपास जागच्या जागी आहे.

तेव्हा त्या बैठकीत मान खाली घालून बसलेली पोर एकटी नव्हती. देशातल्या आठवीच्या प्रत्येक वर्गात तिच्यासारखी कितीतरी बसलेली आहेत. इतक्या सगळ्यांना 'डोकं नाही', असं कसं म्हणायचं?

'परख'चा निकालही ऐकण्यासारखा आहे. त्यात गणिताच्या प्रश्नांची सरासरी किती उत्तरं बरोबर आली ते दिलं आहे. तिसरीत १०० पैकी ६०, सहावीत ४६, नववीत ३७. भाषेत तिसरीला ६४, सहावीला ५७, नववीला ५४. दोन्ही विषय खाली येतात, पण गणित जास्त वेगानं घसरतं.

इथं एक सावधगिरी हवी. ही तीन वेगळ्या वयांची मुलं आहेत आणि तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत. त्यामुळे "तेच मूल मोठं होताना विसरत गेलं" असा अर्थ काढू नका. शिवाय 'असर'चा आकडा शंभरातली किती मुलं ते सांगतो आणि 'परख'चा आकडा शंभरातले किती प्रश्न ते सांगतो. दोघांची तुलना करायला गेलो तर शेराने दूध मोजून किलोशी भांडल्यासारखं होईल. पण दोन्हींमधून एक गोष्ट दिसते. वरच्या वर्गात गेलेल्या पुष्कळ मुलांच्या पायाखालच्या पायऱ्या कच्च्या राहिलेल्या आहेत.

पायरी कुठं निसटते

असं का होतं? कारणं बरीच आहेत. आम्हाला दिसलेली चार सांगतो.

पहिलं कारण, पुस्तक थांबत नाही. सहावीच्या बाईंना सहावीचं पुस्तक वर्षाअखेर संपवायचं असतं. तिसरीत जे निसटलं ते सहावीत कुणी शिकवत नाही, कारण ते सहावीच्या पुस्तकात नसतं. सहावीत अपूर्णांक येतात, शेकडेवारी येते, समीकरणं येतात. भागाकार न येणाऱ्या मुलाला यातलं काहीच उमगत नाही. ते गप्प बसतं, फळ्यावरचं उतरवून घेतं. वही पूर्ण दिसते, डोक्यात काही जात नाही.

दुसरं कारण, शाळेचे खाडे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या आसपास जातात आणि उन्हाळा लागल्यावर येतात. नेमकं त्या महिन्यांत वर्गात भागाकार झालेला असतो. आणि करोनाचा काळ आठवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २०२४-२५ मध्ये आठवीत असलेली मुलं तेव्हा तिसरीत होती. हातच्याची वजाबाकी, गुणाकार, भागाकाराची सुरुवात, हे सगळं पक्कं व्हायचं वय. त्यांची पुढची सगळी चौथी घरात किंवा मोबाईलपुढे गेली, तीही मोबाईल असला तर.

तिसरं कारण, भाषा. शाब्दिक उदाहरण म्हणजे गणित आणि वाचन दोन्ही एकत्र. "एका शेतकऱ्याने ९ क्रेटमध्ये सारखे टोमॅटो भरले" हे वाक्यच वाचता आलं नाही, तर पुढचा हिशोब कसला? ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी, भिल्ली किंवा गोरमाटी बोलतात त्यांना ही अडचण दुप्पट. आणि आपल्या मराठी आकड्यांचं स्वतःचंही एक कोडं आहे. आपण म्हणतो 'त्रेसष्ट', म्हणजे आधी तीन, मग साठ. लिहितो मात्र आधी ६ आणि मग ३. लहान मूल ऐकून ३६ लिहून मोकळं होतं. म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचण्याची पद्धतही दिली होती. तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल.

चौथं कारण, शाळेचं गणित आणि घरचं गणित यांची ओळखच होत नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळालं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात बसणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातली ही मुलं वजन, भाव, सुटे पैसे यांचे अवघड हिशोब तोंडी अचूक करत होती. पण तशाच आकड्यांचं गणित कागदावर पुस्तकी पद्धतीनं दिलं की अडत होती. आणि जी मुलं फक्त शाळेत जात होती, ती कागदावर बरी, पण बाजारातला हिशोब तोंडी करताना अडखळत होती. आमच्या त्या बैठकीत आजी आणि नात यांच्यात हीच दरी होती.

गुणांमध्ये न दिसणारी जागा

बैठक संपल्यावर आम्ही त्या मुलीजवळ बसलो. चिडलो नाही, हसलो नाही. फक्त विचारलं, "११४३ मधला हा पहिला १, तो म्हणजे किती?"

ती म्हणाली, "एक."

मैत्रिणींनो, अडलं होतं ते इथं. तिला पाढे येत होते. नवाचा पाढा तिने घडाघडा म्हणून दाखवला. वजाबाकीही येत होती. पण त्या जागेवरचा १ म्हणजे एक हजार, आणि त्या हजाराचे शंभर-शंभराच्या दहा नोटांत सुटे करता येतात, हे तिच्या मनात कधी बसलंच नव्हतं. म्हणून 'एकात नऊ जात नाहीत' म्हटल्यावर तिच्यासाठी रस्ता संपला. ही तिसरीत निसटलेली पायरी. चार वर्षं तिच्यावर रचत गेलेलं सगळं हलत होतं.

मग आम्ही चिठ्ठ्या केल्या. शंभराच्या ११, दहाच्या ४, एक रुपयाच्या ३. झाले ११४३. तिला म्हटलं, आता नऊ जणींत वाट. शंभराच्या अकरा चिठ्ठ्यांतून प्रत्येकीला एक दिली, दोन उरल्या. त्या दोनशेचे तिने दहाच्या वीस चिठ्ठ्या केल्या. आधीच्या चार मिळवून चोवीस. प्रत्येकीला दोन दिल्या, सहा उरल्या. त्यांचे साठ रुपये सुटे केले, तीन मिळवले, त्रेसष्ट झाले. प्रत्येकीला सात. एकशे सत्तावीस.

मग तिला तोच भागाकार वहीवर करायला सांगितला. "अकरात नऊ एकदा..." म्हणता म्हणता ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हे अकरा शंभर आहेत होय!" आजींनी जे डोळे मिटून केलं आणि शाळेत जे फळ्यावर करतात, ते एकच आहे, हे तिला त्या क्षणी दिसलं.

प्रगतिपत्रकावरच्या 'ब-२' मध्ये ही जागा कुठं दिसते? दिसत नाही. गुण एवढंच सांगतात की पोर अडली. ती कुठं अडली, हे शोधायला कुणीतरी जवळ बसावं लागतं. चाचणी म्हणजे थर्मामीटर. ताप आहे एवढं तो सांगेल. ताप मलेरियाचा की टायफॉईडचा, ते शोधावं लागतं. आणि थर्मामीटरवर आकडा जास्त आला म्हणून पोराला कुणी फटका मारत नाही.

घरच्या घरी बघू या

तुम्ही शिकलेल्या असा वा नसा, हे बघणं अवघड नाही. स्वतःला वाचता येत नसेल तर गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला, सुनेला बरोबर घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

वाचनासाठी दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या. शेजारच्या लहान मुलाचं चालेल. बालभारतीच्या संकेतस्थळावरही पुस्तकं मोफत मिळतात. मुलाने न वाचलेला आठ-दहा ओळींचा एक धडा काढा. वाचू द्या. अक्षर-अक्षर जोडत वाचतं की वाक्य सलग वाचतं, ते ऐका. जोडाक्षराला थांबतं का, ते बघा. शेवटी एक साधा प्रश्न विचारा, "काय झालं गोष्टीत?" सलग वाचूनही सांगता येत नसेल, तर ओठ वाचत आहेत, मन वाचत नाही, हे ओळखा.

गणितासाठी चार गोष्टी. एक, ४७, ६३, ८० अशा संख्या वाचायला सांगा. दोन, ६३ मधला ६ म्हणजे किती, हे विचारा. तीन, ५२ मधून २८ वजा करायला द्या. चार, ८४६ ला ६ ने भागायला द्या. वजाबाकीचं उत्तर २४, भागाकाराचं १४१.

यासाठी आमचे चार नियम आहेत. मुलाला एकटं बसवा, भावंडांसमोर नको. घाई करू नका. चुकलं तर दुसरी संधी द्या. आणि "एवढंही येत नाही?" हे वाक्य त्या पंधरा मिनिटांत तोंडातून काढू नका. मूल जिथं अडेल ती पायरी वहीत लिहून ठेवा, तारखेसह. दोन महिन्यांनी पुन्हा बघा. तुलना करायची ती त्याच मुलाशी. जावेच्या मुलाशी नाही.

अडलेल्या पायरीवरच शिकवायचं

पायरी कळली की काम निम्मं होतं. उपाय महाग नाही, आणि तो करून पाहिलेला आहे.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' नावाचा कार्यक्रम चालला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी 'बालसखी' म्हणून नेमायची. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं तिने रोज दोन तास वेगळी घेऊन बसायचं आणि त्यांना जे येत नाही तेच शिकवायचं. बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्या गटाने या शाळा आणि हा कार्यक्रम नसलेले वर्ग यांची तुलना केली. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. पुढं हीच पद्धत इतर राज्यांतही गेली. दिवसातला एखादा तास इयत्ता विसरायची, मुलांचे गट पातळीप्रमाणे करायचे, आणि जिथं अडलं तिथून सुरुवात करायची.

बालसखी कुणी मोठी तज्ज्ञ नव्हती. तुमच्या-आमच्या घरातली दहावी-बारावी झालेली लेक असते, तशीच. आपल्या राज्यातही शाळापूर्व तयारी मेळाव्यांतून गावोगावी माता-पालक गट तयार झाले आहेत. ते पहिलीत जाणाऱ्या लहानग्यांसाठी. मग सहावी-सातवीच्या मुलांसाठी बचत गटाने संध्याकाळचा अर्धा तास का घेऊ नये?

घरातही करता येतं. गटाचा हिशोब मुलीसमोर करा आणि तिला वहीत मांडायला लावा. शेकडा दोन रुपये व्याज म्हणजे दीड हजारावर महिन्याला किती? तीस. ते कसं आलं, तिला बोलून दाखवू द्या. किराण्याची यादी, दुधाचं कार्ड, खताच्या पिशवीवरचा मजकूर, बँकेचं पत्र, हे मोठ्यानं वाचून घ्या. रोज पंधरा मिनिटं, पण रोज.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी एक सांगणं. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. तिकडच्या शाळेत मुलाला घेताना ते उपयोगी पडतं. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होणार आहे का, हेही आधीच विचारा.

शाळेत जाऊन काय विचारायचं

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया, असं कायदा सांगतो. म्हणजे तिथं बसणं हा आपला मान आहे, कुणाचे उपकार नाहीत. पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि आपण सही करून देतो. यापुढं रजिस्टर घरी आलं तर सांगा, "बैठकीला येते, तिथंच सही करते."

बैठकीत हे चार प्रश्न विचारा.

चाचणीत माझी मुलगी कोणत्या प्रश्नांत अडली? नुसते गुण नकोत, उत्तरपत्रिका बघू द्या.

सहावी ते आठवीत किती मुलांना सलग वाचता येत नाही आणि किती जणांना भागाकार येत नाही? नावं नकोत, संख्या सांगा.

त्यांच्यासाठी रोजचा कोणता वेळ ठेवला आहे?

पुढची तपासणी कधी, आणि ती आम्हाला कधी सांगणार?

आवाज चढवायची गरज नाही. दोन शिक्षक आणि सात वर्ग अशा शाळा आपल्याकडे आहेत. गुरुजींच्या मागे सर्वेक्षणं, निवडणुकांची कामं आणि मोबाईलवरून भरायची माहिती असते. "तुम्ही काय करता?" या प्रश्नाने दार बंद होतं. "आपण मिळून काय करू?" म्हटलं की ते उघडतं. आणखी एक. शाळेचा आकडा वाढला पाहिजे असा नुसता धोशा लावला, तर आकडा वाढतो, पोर तिथंच राहते. फळ्यावर उत्तरं लिहून दिलेल्या चाचणीचा काय उपयोग? थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही. म्हणून कमी गुण घेऊन घरी आलेल्या मुलीला खरं सांगायची भीती वाटू देऊ नका.

पाचवी आणि आठवीच्या आईंनी मात्र एक नियम लक्षात ठेवावा. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. मूल नापास झालं तर त्याला जादा मार्गदर्शन मिळालं पाहिजे आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा झाली पाहिजे. त्यातही नापास झालं तर ते त्याच वर्गात राहतं. पण आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. ते जादा मार्गदर्शन खरंच होतंय का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि नापासाचा शिक्का बसायची वाट कशाला बघायची? सहावीत, सातवीतच पायरी शोधा.

जाता जाता

ती पोर आता नववीत आहे. एसटीने जाते. गणितात पहिली आलेली नाही, आणि तिने तसं यावं असं आमचं म्हणणंही नाही. पण गटाचं हिशोबाचं रजिस्टर आता दर महिन्याला ती तपासते. मागच्या बैठकीत तिने सचिवबाईंची सात रुपयांची चूक काढली. तिची आई काही बोलली नाही. नुसती आमच्याकडे बघून हसली.

या आठवड्यात तुमच्यासाठी एकच काम. सहावी, सातवी, आठवीतल्या आपल्या एका मुलाजवळ किंवा मुलीजवळ पंधरा मिनिटं बसा. एक धडा, एक वजाबाकी, एक भागाकार. कुठं अडलं ते वहीत लिहा आणि गटाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. कर्जाच्या विषयाआधी तो विषय घ्या.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.